दुसऱ्या वाचकाच्या आवश्यकतेबाबत

मॅडम,

मी तुमचा पूर्वीचा सहायक. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय पन्नाशीच्या पुढे, आणि सध्या महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्याच जुन्या कारखान्यात, ज्याला तुमच्या वेळी रजिस्ट्रेशन म्हणत आणि आता रेग्युलेटरी अफेअर्स म्हणतात, त्या विभागाचा इथला प्रमुख. नाव लिहीत नाही, कारण तुम्ही मला नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. तुमच्यासाठी मी पहिल्या दिवसापासून ‘बी.कॉम.’ होतो. लिहिण्याचे प्रयोजन असे, की मुंबईच्या मुख्य कार्यालयाने माझ्याकडे एका प्रश्नाचे लेखी उत्तर मागितले होते, ते मी काल दिले, आणि देताना ज्या एका व्यक्तीला विचारावे असे वाटले ती तुम्ही होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली आहेत, की कारखान्यात तुम्हाला पाहिलेला माझ्याखेरीज आता बॉयलरवरचा एक माणूस तेवढा उरला आहे, आणि तोही तुम्हाला ‘त्या चष्म्याच्या बाई’ म्हणूनच ओळखतो.

प्रश्न साधा होता. महाड येथे कागदपत्रांच्या मिळवणीसाठी दुसऱ्या व्यक्तीची आवश्यकता आहे काय. असल्यास कारण नमूद करावे. तुमच्या काळी कोणी असे विचारले असते तर तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला असता, विचारणाऱ्याला खुर्ची दिली असती आणि समोर बसवून एक पान त्याच्याकडून वाचून घेतले असते. आता विचारणारा दिसत नाही. तो पडद्यावर एका चौकोनात असतो, त्याच्यामागे पुस्तकांचे खोटे कपाट असते, आणि तो मला आदराने ‘सर’ म्हणतो.

आपले काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे मला अजून जमलेले नाही. माझ्या सासऱ्यांची शेवटपर्यंत समजूत होती की मी सरकारी नोकरीत आहे. आपण औषधांचा कच्चा माल बनवतो. तो ज्या देशात विकायचा, त्या देशाच्या औषध खात्याला तो कसा बनतो, कशात भरला जातो, किती गरम हवेत किती काळ टिकतो हे सगळे आधी लिहून द्यावे लागते, आणि लिहून दिल्याहून वेगळे काही करायचे झाले तर पुन्हा परवानगी मागावी लागते. ते लिहिणारे आणि मागणारे लोक म्हणजे आपण. कारखान्यात आपण काही बनवत नाही, काही विकत नाही; मात्र आपण ‘थांबा’ म्हटले की बनवणारे आणि विकणारे दोघेही थांबतात. म्हणून कॅन्टीनमध्ये आपल्या टेबलाशी कोणी बसत नसे. आपण आत आलो की वाढणारा मोठ्याने म्हणायचा, “रजिस्ट्रेशन आलं रे, मीठ बघून घाला,” आणि मागच्या रांगेतून कोणीतरी भर घालायचे, “भाताचा पण बॅच नंबर मागतील आता.” तुम्ही ताट घेऊन शांतपणे म्हणत असा, “बॅच नंबर नको, पण भात कालचा आहे का आजचा तेवढं सांगा.” तो हसायचा आणि तुम्हाला आजचा वाढायचा.

मी त्याआधी डिस्पॅचमध्ये चलने टाइप करीत होतो. एक दिवस तुम्ही माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहता आणि विचारता, “रसायनशास्त्र किती येतं?” मी सांगतो, काहीच नाही. मला वाटते, आता डिस्पॅचमधूनही जावे लागणार. तुम्ही म्हणता, “बरं झालं. ज्याला येतं तो कागदावर असायला हवं ते वाचतो. मला कागदावर जे आहे ते वाचणारा माणूस पाहिजे.” माझ्या अज्ञानाला पात्रता समजणारी व्यक्ती मला त्याआधी भेटली नव्हती, आणि नंतरही भेटली नाही.

आपली खोली भांडाराच्या वर होती. खालून सॉल्व्हंटचा वास येई आणि तो कपड्यांत, केसांत, अगदी डब्यातल्या पोळीतही बसे. झेरॉक्सचे यंत्र उन्हाळ्यात दुसरी शेगडी असे. खात्याकडे जाणाऱ्या कागदपत्रांच्या प्रत्येक संचाची मिळवणी आपण करीत असू. एकाच्या हातात प्रयोगशाळेने सही केलेले मूळ, दुसऱ्याच्या हातात टाइप केलेली प्रत; एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ओळीखाली पट्टी धरून पाहायचे आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘हो’ म्हणायचे. आकडे सुटे वाचायचे. कंस सुरू, कंस बंद, हेही वाचायचे. जेवणानंतर भूमिका बदलायच्या, कारण भरल्या पोटी कान आधी झोपतात, असे तुमचे म्हणणे. सकाळी सुरू झालेले वाचन दिवस मावळेपर्यंत चाले. घशाला कोरड पडू नये म्हणून तुमच्या खणात ज्येष्ठमधाच्या काड्या असत, आणि मधूनच न बोलता एक काडी माझ्या बाजूला सरकवली जाई. माझे लग्न ठरले तेव्हा पत्रिकेची प्रत घेऊन छापखान्यात गेलो आणि ती मी सगळ्यांसमोर स्वल्पविरामांसकट वाचून दाखवली. माझ्या मेहुण्याने ही गोष्ट पुढे प्रत्येक कार्यात सांगितली. तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही विचारलेत, “आणि चूक सापडली का?” सापडली होती.

त्या खोलीत आपण कामाखेरीज फार बोललो नाही. मला तुमच्या घरी कोण आहे हे ठाऊक नव्हते, सांगली सोडून तुम्ही एकट्या इकडे का आलात हेही नव्हते. पण तुमचा आवाज मला कोणत्याही माणसाच्या आवाजापेक्षा जास्त परिचयाचा होता. ‘अशुद्धता’ या शब्दाआधी तुम्ही किंचित थांबत असा. पान संपत आले की आवाज खाली येई, नवे पान उघडले की पुन्हा वर जाई. वीज गेली की आपण खिडकीशी खुर्च्या ओढत असू, आणि बाहेर शिफ्ट सुटून माणसे बिरवाडीच्या रस्त्याला लागलेली दिसत. त्या वर्षांत मला कोणी विचारले असते की तुझी नोकरी कशी आहे, तर मी पगार कमी आहे असे सांगितले असते, आणि नोकरी सोडशील का विचारले असते तर नाही म्हटले असते.

मग ती तापमानाची ओळ आली. अनेक संचांत वेष्टनावरची तीच ओळ होती: माल तीस अंशांखाली ठेवावा. त्या वेळी प्रयोगशाळेने नव्या चाचण्यांवरून ती पंचवीस केली होती. मी सवयीने तीस टाइप केले. मूळ तुमच्या हातात होते. त्यावर पंचवीस होते आणि तुमच्या तोंडून तीस आले. मी प्रत पाहिली, तीस दिसले, ‘हो’ म्हटले. परदेशातल्या खात्याने विचारले, की तुमच्या चाचण्या एक सांगतात आणि वेष्टन दुसरे सांगते, खरे काय मानावे? माल बंदरात अडकला. बैठकीत कारखाना व्यवस्थापक म्हणाले, “टायपिस्टची चूक आहे, त्याला समज द्या आणि विषय संपवा.” सगळे माझ्याकडे पाहू लागले. तुम्ही म्हणालात, “टाइप त्यांनी केलं, वाचलं मी. चूक पकडण्यासाठीच दोन माणसं ठेवली आहेत. मी पकडली नाही.” व्यवस्थापकांना ते आवडले नाही, त्यांना एक माणूस हवा होता आणि तुम्ही त्यांना दोन दिलेत.

खोलीत परत आल्यावर तुम्ही पंखा सुरू केला, बसलात, आणि म्हणालात, “उद्यापासून तुम्ही पॅकिंगच्या सुपरवायझरबरोबर वाचायचं. मी वाचणार नाही, नुसती सही करीन.” मी विचारले, माझे काय चुकले? तुम्ही म्हणालात, “चुकलं नाही. सवय झाली. आपण एकमेकांचं ऐकत नाही आता, नुसतं आहे एवढंच बघतो.” हे मला कमालीचे अन्यायाचे वाटले. बैठकीत ज्यांनी मला पाठीशी घातले त्यांनीच बंद दाराआड मला दूर केले, असा मी त्याचा अर्थ लावला, आणि सांगायला हरकत नाही, परवापरवापर्यंत तोच लावत आलो.

त्या रविवारी कागदपत्रांच्या कपाटाची माझ्याकडची किल्ली परत करायला मी बिरवाडीला तुमच्या खोलीवर आलो. राग आला आहे हे तुम्हाला कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. खाली घरमालकीण मावशी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जा वर, हायत बाई. कोन पावना आलाय वाटतं, मघाधरनं बोलनं चाललंय.” जिना चढताना मलाही तुमचा आवाज ऐकू आला, शब्द कळत नव्हते, चाल ओळखीची होती. दार उघडेच होते. आत पाहुणे कोणी नव्हते. तुम्ही ओट्याला टेकून उभ्या होता, स्टोव्हवर दूध होते आणि तुमच्या हातात नव्या कुकरबरोबर आलेला माहितीचा कागद होता. शिटी कशी साफ करावी ते तुम्ही त्यावरून मोठ्याने वाचत होता आणि प्रत्येक ओळीनंतर थांबत होता. मला पाहून तुम्ही कागद खाली ठेवलात. “आवाज बसू नये म्हणून,” असे म्हणालात. मला ते पटले. मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि कोणतेही कारण दिले की मला पटत असे.

मी किल्ली ओट्यावर ठेवली. तुम्ही ती उचलून पुन्हा माझ्या हातात दिलीत. “किल्ली मागितलेली नाही. राग आलाय, येऊ द्या. पण त्या रागाचं कारण कामात शोधू नका.” मग चहा केलात. खालून मावशींनी हाक मारून सोललेल्या वालांची वाटी पाठवली, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, की एवढी वर्षे काढली पण वालाचा कडवटपणा काही अंगवळणी पडला नाही, नको म्हणायचे मात्र धाडस होत नाही. निघताना तुम्ही मला ज्येष्ठमधाची अख्खी डबी दिलीत. “आता मला लागायची नाही,” एवढेच म्हणालात. मी ती घेतली आणि सायकलवरून महाडला परतलो. वाटेभर मी माझ्या अपमानाचाच विचार करीत होतो.

पुढे तुम्ही निवृत्त होऊन सांगलीला गेलात. दुसऱ्याच वर्षी तुम्ही गेल्याचे समजले, तेही तेरावा होऊन गेल्यावर. तुमच्या जागेवर आधी दोघे आले आणि गेले, मग मी बसलो. भांडारावरची खोली गेली. आता मला काचेची खोली आहे, वातानुकूलित, सॉल्व्हंटचा वास न येणारी. कागद नाहीत, कपाट नाही. परदेशी खाते प्रश्न पाठवते तो सकाळी पडद्यावर येऊन बसलेला असतो आणि त्याच्या कोपऱ्यात मुदत लिहिलेली असते. मुंबईतले चार जण कानाला यंत्र लावून माझ्याशी बोलतात. बोलणे संपले की ते एकेक करून विझतात. सणांचे दिवस परदेशी खात्याला ठाऊक नसतात, त्यामुळे मुदती दिवाळीतही पडतात. पगार चांगला आहे. मला कोणी ओरडत नाही. ओरडायचे तर समोर यावे लागते.

घरचेही कळवतो. पत्नी पनवेलला शिक्षिका आहे. मुलाच्या शिक्षणासाठी ती तिकडे गेली आणि शिक्षण संपल्यावरही तिकडेच राहिली, यात भांडण काही नाही. मी पंधरा दिवसांनी जातो. रोज फोन होतो, त्यात गॅसचे सिलिंडर, विजेचे बिल आणि माझा रक्तदाब हे तीन विषय येतात. आमचे व्यवस्थित चालले आहे. पण हिशेब मांडायचा तर दिवसभरात माझ्याशी सर्वांत जास्त जे बोलले जाते ते अशुद्धतेच्या मर्यादांविषयी असते, आणि ते बोलते माझी सहकारी, म्हणजे ज्या दुसऱ्या व्यक्तीच्या आवश्यकतेचा हा सगळा प्रश्न आहे ती.

ती पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली आणि सहा वर्षांपूर्वी माझ्या विभागात आली. नवरा घाटकोपरला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, मुलगी वाडीवर आजीपाशी आहे, आणि ही बिरवाडीत दोघींबरोबर खोली करून राहते. तीन माणसांचे घर तीन ठिकाणी. कागद गेले तरी मिळवणीची पद्धत मी मोडू दिली नव्हती; आम्ही दोन पडद्यांसमोर बसून वाचतो. तिचा आवाज तुमच्यासारखा नाही. ती भरभर वाचते आणि मधूनच बोलते. “सर, आज तुमचा आवाज पिंपातून येतोय.” मी म्हणतो, वाचा. “वाचते. पन ऐकनाऱ्यानं डोळे मिटून ऐकायचं असं एसओपीच्या नियमात हाय काय?” मी डोळे उघडतो. ती आल्याच्या वड्या आणते, एक माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, “घ्या. ही तपासलेली हाय, कालच माझ्या पोटात मंजूर झाली.” मी या विनोदांना हसत नाही असा तिचा समज आहे.

मुख्य कार्यालयाने आता तुलना करणारी एक प्रणाली घेतली आहे. मूळ आणि प्रत तिला दिली की जिथे फरक असेल तिथे ती लाल करून दाखवते. निर्णयापूर्वी मी चाचणी मागितली; काही आठवडे आम्ही वाचायचो आणि प्रणालीही तेच तपासायची. माझी खात्री होती की ती हरेल. ती हरली नाही. आम्ही वाचून काढलेल्या एका संचात तिने एक ओळ लाल केली: मालाच्या पिंपातली आतली पिशवी पूर्वी पांढरी होती, आता काळी झाली होती. मूळ मजकुरात काळी, प्रतीत पांढरी. माझ्या सहकारिणीने काळी पाहून पांढरी वाचली होती आणि मी पांढरी पाहून ‘हो’ म्हटले होते. ती म्हणाली, “असं कसं वो झालं सर? माझ्या डोळ्यासमोर हाय ना काळी.” पॅकिंगच्या सुपरवायझरबरोबर तिला बसवावे तर आता पॅकिंगमध्ये सुपरवायझर नाही, कोणीच नाही. बदलायला तिसरा माणूसच नव्हता.

म्हणजे उत्तर उघड होते. तरीही ते लिहायला मला आठ दिवस लागले, आणि तेवढ्या दिवसांत मी दुसरे एक उत्तर लिहून पाहिले. महाडचा वीजपुरवठा वारंवार खंडित होतो. पुरात संपर्क तुटतो. प्रणालीस अर्थ कळत नाही, केवळ अक्षरे कळतात. सबब दुसऱ्या व्यक्तीची आवश्यकता कायम आहे. यातले एकही विधान खोटे नव्हते. मुंबईतल्या चौघांपैकी कोणी आयुष्यात मिळवणी केलेली नाही. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते मंजूर केले असते. जागा राहिली असती, तीही इथे राहिली असती. आवश्यकता नाही असे लिहिले तर तिची बदली मुंबईला होणार, हेही मुख्य कार्यालयाच्या पत्रात होते. ती स्वतः काही बोलली नव्हती. पण कॅन्टीनवाला मला म्हणाला, “साहेब, ताई घाटकोपरच्या शाळेची चौकशी करीत होत्या, पोरीसाठी. तुम्हाला सांगितलं नाय?” मला सांगितले नव्हते. का नाही, हे मला समजले. माझ्या उत्तरावर तिचे घर एका जागी येणे अवलंबून होते, आणि तिने त्याचे वजन माझ्यावर ठेवायचे टाळले.

त्या दोन मसुद्यांपुढे बसलो असताना मला आपली भांडारावरची खोली आठवली, आणि प्रथमच मी ती तुमच्या खुर्चीवरून पाहिली. जोडी मोडल्यावर माझ्याकडे पॅकिंगचा सुपरवायझर होता. तो नाते गावचा, गप्पिष्ट, वाचता वाचता गावावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या पर्यटकांचे किस्से सांगणारा. महिन्याभरात मी त्याच्याबरोबर हसू लागलो होतो. तुमच्याकडे कोण होते? तुम्ही त्याच खोलीत, पाठमोऱ्या, सह्या करीत होता आणि आमचे वाचन ऐकत होता. तापमानाच्या चुकीसाठी एखादे सोपे कारण देणे तुम्हाला सहज शक्य होते. टायपिस्टला समज द्यायची, दिवसातून एकदा अधिक वाचायचे, एवढ्यावर भागले असते, आणि आपण पूर्वीसारखे वाचत राहिलो असतो. त्या कुकरच्या कागदाचे कारण तुम्ही दिलेत ते मी मानले होते. आता मी स्वतः संध्याकाळी औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचतो तेव्हा मनात वाचत नाही.

शनिवारी सकाळी, पाठवण्यापूर्वी, मी तिला सांगितले. मी ‘आवश्यकता नाही’ असे लिहिले आहे.

तिने पडद्यावरची उघडी फाइल बंद केली. मग म्हणाली, “माझ्यासाठी लिहिलंत?”

“नाही. खरे आहे म्हणून.”

“ते बरं. माझ्यासाठी तुम्ही काय खोटं लिहिनार नाय, माहीत हाय मला. उगाच उपकार डोक्यावर नको.” तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. “पन मग तुम्ही कोनाबरोबर वाचनार?”

“आता वाचायचे नाही. लाल दिसेल तेवढे पाहायचे.”

“आन् बोलायचं कोनाशी?”

“तुम्ही फोन करा.”

“फोनवर तुम्ही ‘बरं’ आन् ‘ठीक’च्या पुढं जात नाय, सर. वहिनींशी बोलताना ऐकलंय मी.” ती हसली, मग हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, की घाटकोपरच्या शाळेत प्रवेशासाठी वरच्या साहेबांचे पत्र लागते असे ऐकले आहे, ते मी देईन का. मी तिथेच लिहून दिले. तिने ते दोनदा वाचले आणि एका जागी माझी चूक दाखवली. मुलीचे नाव मी आईच्या नावाशी जोडले होते. इतक्या वर्षांत तिच्या नवऱ्याचे नाव मी कधी विचारले नव्हते.

कोणाबरोबर वाचणार, हा प्रश्न तिला एका क्षणात सुचला. बिरवाडीला तुमच्या ओट्यापाशी चहा पीत बसलो होतो तेव्हा मला तो सुचला नव्हता. सुचला असता तरी तुम्ही ‘दूध उतू जाईल’ असे काहीतरी म्हणून उत्तर टाळले असते, असे आज वाटते. पण विचारला गेला असता.

हे पत्र टाकायचे नाही. सांगलीचा तुमचा पत्ता अजून माझ्याजवळ आहे, मात्र तिथे आता कोण राहते ते मला ठाऊक नाही, आणि कोणी अनोळखी माणसाने पाकीट फोडून पिंपांच्या पिशव्यांबद्दल इतके वाचावे हे बरे दिसणार नाही. तिची बदली पुढच्या महिन्यात आहे. सामान न्यायला नवरा टेम्पो घेऊन येणार आहे. आधी वाडीवर जाऊन मुलीला घ्यायचे आणि मग बिरवाडीहून खोली रिकामी करायची, असा त्यांचा बेत आहे. मला तिने त्या दिवशी रजा काढून पनवेलला जाऊ नका असे बजावले आहे.

उत्तर पाठवल्यावर मी चहा मागवला. तुम्हाला सांगायचे राहिले ते एवढेच. मी लिहिले ते बरोबर होते, त्यातला एकही शब्द मी बदलणार नाही. तरी पाठवून झाल्यावर मी पडद्यासमोरून हललो नाही. विभागप्रमुखाचे मत फेरविचारासाठी परत पाठवण्याची तरतूद नियमांत आहे. मुंबईत कोणीतरी ते वाचील, थबकेल, आणि लिहील की इतक्या वर्षांची पद्धत एका ओळीत बंद करणे आम्हास मान्य नाही, याची मी वाट पाहत होतो. चहा आला तो गरम असतानाच उत्तरही आले. त्यात ‘मान्य’ एवढा एकच शब्द होता, आणि मला तो नको होता.

(सही)
महाड
रविवार, पौष वद्य षष्ठी